डोळ्यांत न मावणारा पडदा

मिरजेच्या दवाखान्यात डोळ्यांची एक तपासणी करतात. पांढऱ्या अर्धगोल भांड्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या बिंदूवरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही उजेडाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. माझ्या मोठ्या भावाची ती तपासणी चालली होती तेव्हा मी बाहेर फाइल घेऊन बसले होते. दाराला काच होती. काचेतून त्याची पाठ दिसत होती आणि बटण धरलेला हात. अंगठा मधूनच हलायचा. मग बराच वेळ हलायचा नाही.

रिपोर्टवर दोन गोल होते, एकेका डोळ्याचा एकेक. ठिपका दिसला ती जागा पांढरी, नाही दिसला ती काळी. दोन्ही गोल कडेनं काळे होते आणि काळं आत सरकत होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बराच जुना आहे. समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. मी लिहून घेतलं. थेंबांची नावं, वेळा, दोन थेंबांमध्ये किती अंतर ठेवायचं, पुढची तारीख.

दादा सांगलीतल्या एका टॉकीजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होता. तेव्हा केबिनमध्ये दोन मशिनं असायची. एका मशिनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. थोड्या सेकंदांनी दुसरा ठिपका उमटे, की झटक्यात बदल करायचा. प्रेक्षकांना काही कळता कामा नये. दादा डबा खात असो, कुणाशी बोलत असो, तो ठिपका त्यानं कधी चुकवला नाही. मान वळवावी लागायची नाही, डोळ्याच्या कडेनंच दिसायचा. रिपोर्टवर दोन्ही गोलांत उजवा वरचा कोपरा ठार काळा होता. दादानं तिथं बोट ठेवलं.

"हितलाच गेला बघ," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे परत दिला.

पुढचं वर्षभर थेंब नियमानं पडले. याची खात्री मी देते, कारण सकाळ-संध्याकाळ साताऱ्याहून फोन करणारी मीच होते. डोळ्यांतला दाब उतरला, रिपोर्टवरचं काळं मात्र वाढतच राहिलं. डॉक्टर म्हणाले, काहींचं असं होतं. दाब आटोक्यात असूनही नस वाळत जाते. त्यांनी ऑपरेशन सांगितलं, तेही झालं, आणि त्यानंतरच्या रिपोर्टवर काळं आणखी आत आलं.

मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. प्रवेश, परीक्षा, वेळापत्रक, सगळं माझ्या टेबलावरून जातं. जे काम आपल्या हातात नाही, त्याचं निदान शेजारचं काम करून टाकावं, अशी मला सवय आहे. म्हणून वहीच्या नव्या पानावर मी मथळा घातला: दादानं बघून घ्यायच्या गोष्टी. पहिलं, फुलांच्या दिवसांत कास. दुसरं, रहिमतपूरचं मामांचं शेत, जिथं आम्ही सुट्टीत राहायचो. तिसरं, भाचीचं लग्न ठरतंय ते लवकर उरकून घेणं. अशी बारा कलमं झाली. एकेक पार पाडत गेले. कासला दादा एका फुलावर वाकून उभा राहिला. मागं सगळं पठार जांभळं झालेलं होतं. मी म्हटलं, वर बघ की. तो म्हणाला, बघतो गं, आधी ह्याचं बघून हुंदे.

वहिनीला या सहलींचं कौतुक नव्हतं. "वन्सं, ह्यास्नी न्या तुमी कुठंबी," ती म्हणायची. "दोन दिस टीव्हीचा रिमोट तरी माज्या हाताला लागंल. ह्यांचं काय, बातम्या लावत्यात आन डोळं मिटून ऐकत्यात."

"डोळं मिटलं म्हंजी थकल्यात," दादा म्हणायचा.

"मग रेडिओ घ्या की. बॅटरीवर चालतंय त्ये."

सांगली-मिरजेच्या मधल्या रस्त्याला नवीन थिएटर झालं, त्यात एक हॉल मोठ्या पडद्याचा होता. पेपरात त्याबद्दल आलं आणि मी तेरावं कलम लिहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर पडद्यावर उजेड टाकला, त्यानं सगळ्यात मोठा पडदा बघितला नाही, हे मला बरोबर वाटेना. त्याची टॉकीज बंद झाली, पुढं पाडली, तिथं गाळे झाले. तेव्हापासून त्यानं कुठल्याच थिएटरात पाय ठेवला नव्हता.

मी विचारलं, तर नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, तरी नाही. "तिथं काय हाय? फाईल टाकत्यात आन बटण दाबत्यात. रीळ न्हाई, बत्ती न्हाई, ऑपरेटरबी न्हाई."

भाऊबीजेला मी सांगलीला गेले. ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट ठेवायला हात पुढं केला, तसं मी ताट मागं घेतलं. म्हटलं, पाकीट नको, ओवाळणी म्हणून माझ्याबरोबर सिनेमाला चल. आमच्याकडे बहिणीनं ओवाळणीत तोंडानं मागितलेलं नाकारत नाहीत. दादानं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तायडे, इचार करून माग," तो म्हणाला.

"केलाय."

"बरं," तो म्हणाला.

मग मी तयारीला लागले. थिएटरच्या मॅनेजरला फोन केला. पोरगेलासा आवाज होता, पण माहितगार माणूस होता आणि विचारलेलं सांगायचा कंटाळा नव्हता. मी प्रश्न लिहून ठेवले होते. हा पडदा नुसता मोठा आहे, की आणखी काही? तो म्हणाला, नुसता मोठा नाही मॅडम. जमिनीपासून छतापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आहे, आणि दोन्ही कडांना आपल्याकडे किंचित वळवलेला आहे. खुर्च्यांच्या रांगा जिन्यासारख्या उभ्या चढवल्या आहेत, आणि सगळ्या पडद्याजवळ आणल्या आहेत. का, तर माणूस समोर बघतो तेव्हा मधल्या भागानं बारकावे बघतो. कडेनं त्याला बारीक काही दिसत नाही, पण हललेलं कळतं. साध्या थिएटरात पडद्याच्या कडेला भिंत दिसते, दिवा दिसतो, म्हणून आपण खुर्चीत बसलोय हे मनाला माहीत असतं. इथं कडेपर्यंत चित्रच असतं. ते हललं की शरीराला वाटतं आपणच हललो.

उजेडासाठी लेझरची दोन मशिनं असतात. दोन्ही एकच चित्र एकावर एक टाकतात, म्हणून एवढ्या मोठ्या पडद्यावरही ते फिकं पडत नाही. दोन चित्रं तंतोतंत जुळली पाहिजेत, केसभरही फरक चालत नाही. त्यासाठी हॉलमध्ये कॅमेरा बसवलेला आहे. रोज सकाळी मशीन पडद्यावर रेघा टाकतं, कॅमेरा चारी कोपरे तपासतो आणि मशीन स्वतःच स्वतःला सरळ करतं. पडद्याला नजरेला न दिसणारी हजारो भोकं आहेत, कारण स्पीकर त्याच्या मागं आहेत. बाकीचे भिंतींत आणि छतात. चित्रात उजवीकडून घोडा आला तर टापा उजवीकडूनच येणार.

मी शेवटचा प्रश्न विचारला. सगळ्यात चांगली जागा कुठली?

"मधल्या रांगेच्या जरा पुढं, बरोबर मध्यभागी," तो म्हणाला. "तिथं बसलं की पडदा डोळ्यांत मावतच नाही मॅडम."

मी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा अजून वहीत आहेत.

दादाचा आजार काय आहे ते मला माहीत होतं. रिपोर्ट माझ्याच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेले होते. मोठ्या पडद्याचं तंत्र काय आहे तेही आता समजलं होतं. पण फाइल एका ठिकाणी होती आणि वही दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकत्र उघडून बघायचं मला सुचलं नाही. मी मॅनेजरनं सांगितलेल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या धरल्या, आठवड्यातल्या मधल्या वाराचा दुपारचा खेळ निवडला, म्हणजे गर्दी नको. उतरायच्या जिन्याला कठडा आहे का तेसुद्धा विचारून घेतलं.

दादानं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिक्षात मी त्याला वहीतलं सगळं वाचून दाखवलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं.

"कॅमेरा रोज बघतोय?"

"रोज सकाळी."

"म्हंजी मशिनला चारी कोपरे दिसत्यात," तो म्हणाला. "ब्येस हाय."

हॉलमध्ये शिरल्यावर तो थोडा वेळ दारातच थांबला. मला वाटलं पडद्याकडे बघतोय. तो पायरी शोधत होता. एकट्यानं चालण्याची त्याची एक युक्ती होती. दोन पावलं टाकायची, थांबून इकडेतिकडे बघितल्यासारखं करायचं, पुन्हा दोन पावलं टाकायची. बघणाऱ्याला वाटावं, निवांत माणूस आहे. तसं करत तो खुर्चीपर्यंत आला.

सिनेमा समुद्राचा होता, जुन्या काळच्या जहाजांचा, हिंदीत डब केलेला. दिवे गेले आणि पहिलंच दृश्य आलं: जहाजाचा नाळेकडचा, पुढचा निमुळता भाग, खाली उसळलेलं पाणी, वर शिडं. मॅनेजर खरं बोलला होता. समोर बघितलं तरी बाजूला पाणी, वर आभाळ, कुठंच भिंत नाही. जहाज डावीकडे कललं आणि मी खुर्चीचा हात धरला. पुढच्या रांगेत चार-पाच कॉलेजची पोरं होती, ती सगळी एकदम उजवीकडे झुकली, तोल सावरायला झुकतात तशी. मीही झुकले असणार, कारण माझा खांदा दादाच्या खांद्याला लागला.

दादा सरळ बसला होता.

मी त्याच्याकडे बघितलं. पडद्याचा उजेड तोंडावर होता. त्याची मान हळूहळू फिरत होती. डावीकडून उजवीकडे, मग थोडी खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडे. अंधारात उसाच्या फडात काही पडलं तर माणूस बॅटरीचा झोत फिरवत शोधतो, तसा. जहाज दुसऱ्या बाजूला कललं. पोरं पुन्हा झुकली. दादाची मान फिरत राहिली आणि खालचं शरीर दगडासारखं राहिलं. कडेचं चित्र त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं, मग शरीर फसणार कसं?

तेव्हा मला कळलं. हे सगळं बांधकाम, तो वळवलेला पडदा, जिन्यासारख्या रांगा, डोळ्याच्या ज्या भागासाठी केलं होतं, तो भाग दादाकडे नव्हता. आणि मी त्याला नेमकं त्या जागेवर आणून बसवलं होतं जिथून त्याला सगळ्यात कमी दिसणार.

"दिसतंय का?" मी हळू विचारलं.

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

त्यानं मान एका जागी थांबवली. "दोरी," म्हणाला. "लय भारी दिसत्या. पीळ न् पीळ दिसतोय."

पडद्यावर तेव्हा अख्खं जहाज होतं, माणसं पळत होती, डोलकाठी मोडून खाली येत होती.

मी मनाशी म्हटलं, निदान आवाज तरी. तेही नव्हतं. मागून उजवीकडून कुणी हाक मारली, की दादा मान वळवायचा. साध्या थिएटरात आवाज समोरूनच येतो, त्यामुळे तो समोरच बघत राहिला असता. इथं प्रत्येक आवाज त्याला वेगळ्या कोपऱ्याकडे बोलवत होता, आणि मान तिथं पोचेपर्यंत त्या कोपऱ्यातलं संपलेलं असायचं. दोनदा तो दचकला. नंतर त्यानं हाकांकडे लक्ष देणं सोडलं.

मध्यंतर झालं, दिवे लागले. मी डोअरकीपरला विचारलं, मागच्या रांगा रिकाम्या आहेत, वर जाऊन बसलो तर चालेल का. तो म्हणाला, बसा की. मी दादाला म्हटलं, चल, वर जाऊ. लांबून जास्त मावेल. आता मला गणित सुटलं होतं: जवळून नको, लांबून. जिना उभा होता. आम्ही एकेक पायरी चढत शेवटच्या रांगेत गेलो. माझ्यापाशी पुन्हा एक उपाय होता, म्हणून मला जरा बरंही वाटत होतं.

दिवे गेले.

"आता?"

दादानं मान स्थिर ठेवली, सगळं घ्यायचा प्रयत्न केला. "आता दोरी आन एक माणूस," तो म्हणाला. "माणसाची टोपी न्हाई दिसत."

मग खालच्या आवाजात, मशीन समजावून सांगायचा तसा, त्यानं सांगितलं. "हितं शेवटची रांगबी जवळच ठेवल्या बघ. मुद्दाम. कुठंबी बसा, पडदा नजरंत मावाय नको, असंच बांधलंय त्यांनी. आपल्या टॉकीजला बाल्कनीच्या मागनं पडदा पोष्टकार्डाएवढा दिसायचा. लोक शिव्या द्यायची. तिथनं मला आज सगळा दिसला असता."

तिथं आता गाळे होते.

"तुला आधीच माहीत होतं?" मी विचारलं.

"मशिनवर हयात गेली माझी. पडदा मोठा म्हंजी काय, ते मला ठावं नसंल व्हय?"

"मग बोलला का नाहीस?"

"ओवाळणी मागितलीस की."

खालच्या रांगांतून कुणीतरी शुक केलं. पडद्यावर वादळ सरलं असावं, कारण सगळा हॉल एकदम निळा झाला. दादानं माझ्याकडे वाकून कानाशी तोंड आणलं.

"घरात कळत न्हाई गं," तो म्हणाला. "भिंतीपासनं भिंतीपर्यंत दहा पावलं. मान फिरवली की झालं, वाटतं सगळंच दिसतंय. दवाखान्यातल्या कागदावर काळं-पांढरं असतं, त्ये डॉक्टरचं. मी कवा मापलंच न्हवतं. आज मापलं. एवढ्या मोठ्या पडद्यात माझी नजर किती, त्ये बघितलं." त्यानं हात वर केला, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून बारीक भोक केलं, आणि ते पडद्यासमोर धरलं. "एवढी. हाताच्या अंतरावर एवढी."

काही बोलण्यासारखं वहीत नव्हतं. त्यानं हात खाली घेतला.

"निघायचं का?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"नगं. पिक्चर अर्धा सोडून उठायचं न्हाई," तो म्हणाला. ही त्याची ऑपरेटरची शिस्त होती. शेवटची नावं जाऊन पडदा पांढरा होईपर्यंत आम्ही बसून राहिलो. पोरं हसत, एकमेकांना ढकलत खाली उतरून गेली. एक जण म्हणत होता, लेका, उलटी यायची राहिली मला. दादानं तिकडे मान वळवली, पण तोवर ती दारातून गेली होती.

जिना उतरायचा होता. मी कठडा दाखवला. दादा उठला, उभा राहिला, नेहमीचं ते इकडेतिकडे बघणं सुरू केलं, आणि मध्येच सोडून दिलं. त्यानं हात माझ्याकडे पुढं केला. चारचौघांत त्यानं कधीच हात दिला नव्हता. वहिनीनं रस्ता ओलांडताना धरला तर तो झटकायचा. मी कोपराला धरलं, तर म्हणाला, तसं न्हाई, तू पुढं हो, मी तुझा खांदा धरतो. मी पुढं झाले. पायऱ्या मोजत, मोठ्यानं आकडे म्हणत आम्ही उतरलो. डोअरकीपर बाजूला झाला आणि त्यानं आमच्यासाठी दोन्ही दारं उघडून धरली. एक दार पुरलं असतं.

बाहेर ऊन होतं. रिक्षात दादा डोळे मिटून बसला. घरी वहिनी दारातच होती.

"आवं, कसा हुता शिनेमा?"

"लय मोठा," दादा म्हणाला.

चपला काढताना त्यानं भिंत धरली नाही, माझा खांदा धरला. वहिनीनं ते बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती चहा टाकायला आत गेली. मी वहीत तेराव्या कलमापुढं झाल्याची खूण केली नाही. त्याच्याखाली आणखी काही कलमं लिहून ठेवली होती, तीही तशीच आहेत. आता मी सांगलीला जाते तेव्हा दादाला कुठं नेत नाही. आम्ही घरात बसतो. तो उठला की मी उठते, पाठ त्याच्याकडे करून उभी राहते, आणि तो हात लांबवून माझा खांदा कुठं आहे ते शोधतो.